नसलेला करार : शहापूर-मुरबाड, स्वयंसेवी संस्था आणि प्रादेशिक सहकार्य

पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत ‘प्रादेशिक सहकार्य’ हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो, परंतु त्यातला प्रदेश कोणता, हे बहुधा कोणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय व्यवहारात हा शब्द शेजारी राष्ट्रांनी मिळून केलेल्या कामाला लावला जातो. एखादी नदी किंवा पर्वतरांग दोन-चार देशांत विभागलेली असते, तिचे रक्षण एकट्यादुकट्या देशाच्या आवाक्यातले नसते, म्हणून सरकारांबरोबर त्या त्या देशांतील संस्थाही एकत्र येतात. हाच न्याय लहान प्रमाणावर लावला, तर ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके आणि त्यांच्या खाली पसरलेला मुंबई, ठाणे, कल्याण, भिवंडी हा शहरी पट्टा यांचे नाते दोन राष्ट्रांच्या नात्याहून फारसे वेगळे नाही: वरच्या अंगाला एकाचे जंगल आहे, खालच्या अंगाला दुसऱ्याचे नळ आहेत, मधून नदी वाहते, आणि वरच्या गावांना बरोबरीचा पक्ष मानणारा करार मात्र नाही. हा नसलेला करार आणि तो घडवून आणण्याच्या वाटेवर स्वयंसेवी संस्थांना काय साधले व काय साधले नाही, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

ज्या भूभागावर पडलेला पाऊस अखेर एकाच प्रवाहात जमा होतो, त्या सगळ्या भूभागाला खोरे म्हणतात, आणि पाण्याच्या दृष्टीने खरा प्रदेश तोच. हरिश्चंद्रगड आणि माळशेजच्या कड्यांखाली उगम पावणारी काळू मुरबाड तालुक्यातून वाहत जाते, कसारा घाटाकडून येणारी भातसा शहापूर ओलांडते, आणि कल्याण-टिटवाळ्याच्या परिसरात हे पाणी उल्हास नदीच्या स्वाधीन होऊन वसईच्या खाडीला मिळते. शहापूरच्या उत्तर अंगाच्या तानसा आणि वैतरणा या नद्या वेगळ्या वाटेने समुद्र गाठतात. सरकारी कारभाराला मात्र खोरे ठाऊक नाही. महसुलाची हद्द तालुक्याची, वनखात्याची हद्द विभागाची, अभयारण्याची हद्द वन्यजीव शाखेची आणि धरणाची हद्द पाटबंधारे खात्याची, अशा चार नकाशांचे तुकडे एकाच डोंगरावर येऊन पडतात. 1975 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या नावातच ‘प्रदेश’ हा शब्द आहे, पण शहापूर आणि मुरबाड त्या प्रदेशाबाहेर राहिले. त्या प्रदेशाची तहान भागवण्यासाठी मात्र त्यांचाच विचार प्रथम होतो. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे आदिवासी समाजाच्या हितरक्षणासाठी तेथे वेगळे कायदे लागू होतात. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली या समाजांची आणि कुणबी शेतकऱ्यांची ही भूमी असून कातकरी समाजाची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम गटांत केली आहे.

‘शाश्वत विकास’ ही संज्ञा 1987 मध्ये ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने जगभर रूढ केली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता खच्ची करू नये, असा तिचा आशय आहे. व्याख्या उत्तम आहे, पण तिचे सगळे लक्ष काळाकडे आहे. एकाच पिढीतील, एकाच दिवशी, एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या काठावर राहणाऱ्या माणसांचा हिशेब ती पुरेसा मांडत नाही. शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न नातवंडांचा तर आहेच, पण त्याआधी तो शेजाऱ्यांचा आहे.

हे शेजारपण जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगले ब्रिटिश सरकारने राखीव करण्यास सुरुवात केली, तेव्हा मुंबईला लागणारे लाकूड, सरपण आणि कोळसा यांचा पुरवठा हा त्यामागचा एक मोठा विचार होता. या बंधनांचा घाव ‘राब’ या पद्धतीवर बसला. भाताच्या रोपवाटिकेसाठी निवडलेल्या तुकड्यावर उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर देऊन ते जाळायचे, म्हणजे तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि राखेचे खत मिळते. राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही, अशी येथील शेतीची बांधणी होती. फांद्या तोडण्यास मनाई झाल्यावर तक्रारींचा एवढा ओघ सुरू झाला की 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला आणि त्याने 1887 मध्ये अहवाल दिला. पाच वर्षांनी, 1892 मध्ये, तानसा धरण पूर्ण झाले. लाकडापाठोपाठ पाणी गेले, आणि तेव्हापासून त्याचा ओघ थांबलेला नाही: 1957 मध्ये वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला, त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा एकत्रित उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर असून त्यातील 7,17,037 दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, साजिवलीजवळच्या एकट्या भातसा धरणात आहे. विहार आणि तुळशी हे मुंबईच्या हद्दीतले दोन तलाव या हिशेबात नाममात्र उरतात. विजेची कथाही याच डोंगरांतून गेलेली आहे; 1942 च्या लढ्यात भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारक गटाने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. शहराची नाडी या डोंगरांत आहे, हे त्या तरुणांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. नियोजनकारांना ते आजही फक्त पाण्याची पातळी खाली गेली की आठवते.

‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ या म्हणीवर दरवर्षी एप्रिलात वर्तमानपत्रांचे मथळे सजतात, आणि पहिला पाऊस पडला की म्हण पुढच्या उन्हाळ्यासाठी घडी घालून ठेवली जाते. तिच्यामागचे भूशास्त्र मात्र क्वचितच सांगितले जाते. हा सगळा मुलूख बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हारसाचे थर थंड होऊन बनलेल्या काळ्या कातळाचा आहे. त्याच्या अंगात पाणी मुरण्याजोगी पोकळी फार थोडी असून जे काही मुरते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ असल्याने तो काही तासांत ओढ्यातून नदीत आणि नदीतून धरणात जातो. मग माघ-फाल्गुनात विहिरी तळाला लागतात आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरे खणले जातात. डवरा म्हणजे वाळूत हातभर-दोन हात खोल उकरलेला खड्डा. त्याच्या तळाशी झिरपून साचलेले पाणी वाटीने अलगद उचलून फडक्यातून हंड्यात गाळायचे, वाटी दहा-बारा वेळा बुडवली की थांबायचे, झिरा पुन्हा भरेपर्यंत बसून राहायचे, आणि मागे ओळीत बसलेल्या बाईकडे पाहून आपल्या हंड्यांची संख्या आपणच ठरवायची. या शेवटच्या कृतीला कोणत्याही अहवालात सहकार्य म्हटलेले नाही, पण पाण्याच्या वाटपाचा तो एक नियमच आहे. भातसाचे पाणी त्याच वेळी नदीच्या पात्रातून खाली सोडलेले असते, पिसे येथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून शहराकडे जाते. जलवाहिनीच्या कडेच्या काही गावांना त्यातला वाटा मिळतो, हे खरे. पण डोंगरातले पाडे धरणाच्या वर आहेत, आणि पाणी आपण होऊन वर चढत नाही.

या परिस्थितीत ज्या संस्था कामाला आल्या, त्यांच्यातील पहिला आणि संख्येने मोठा वर्ग बांधणाऱ्यांचा आणि लावणाऱ्यांचा आहे. वृक्षारोपणाविषयी फार बोलण्याची गरज नाही. तोच खड्डा आणि दरवर्षी नवे रोप, हा अनुभव महाराष्ट्राला पुरेसा आहे. बंधाऱ्यांचे काम त्यापेक्षा सरस आहे. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा वनराई बंधारा तर कौतुकास पात्रच: पावसाळा ओसरताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत जागेवरचीच माती-वाळू भरायची, तोंडे शिवायची, विटांसारखी सांधेमोड करून ओढ्यात रचायची, आणि दोन दिवसांच्या श्रमदानात पाणी अडवायचे. त्यावर वाल, हरभरा किंवा थोडा भाजीपाला निघतो आणि शेजारच्या विहिरीचे पाणी काही आठवडे लांबते. पण हा बंधारा एका हंगामाचा असतो. पुढच्या पुरात गोण्या वाहून जातात आणि तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. नेमके इथेच घोडे पेंड खाते. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, आणि मुंबई-ठाण्यापासून दोन-तीन तासांवर असलेला हा आदिवासी मुलूख अशा निधीला सोयीचा पडतो. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो, उद्घाटनाचा फलक कायमचा असतो, आणि गाळ काढण्याची तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते. एकाच ओढ्यावर वरच्या गावात एका संस्थेने आणि खालच्या गावात दुसरीने, एकमेकींना न विचारता बंधारे घातले, की त्याला काम म्हणता येते, सहकार्य म्हणता येत नाही.

दुसरा वर्ग हक्कांचा धागा धरून आलेल्या संस्था-संघटनांचा. त्यांनी बंधाऱ्याआधी एक वेगळाच प्रश्न विचारला: हे रान कोणाचे? 2006 च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या जमिनीवरील वैयक्तिक हक्काबरोबरच सामूहिक वनहक्काची तरतूद केली. गाव परंपरेने ज्या जंगलाचे रक्षण आणि वापर करत आले त्या जंगलाचे संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो, असा त्याचा अर्थ. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये असा हक्क मिळाल्यावर राज्यभर त्याची चर्चा झाली. मुरबाड तालुक्यात श्रमिक मुक्ती संघटना आणि वननिकेतन यांनी हे काम वर्षानुवर्षे धरून ठेवले. शहापूर-भिवंडीच्या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या श्रमजीवी संघटनेने जमिनीचे आणि घराखालच्या जागेचे प्रश्न लावून धरले. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. अशा कुटुंबाचे नाव गावच्या दाव्यात राहावे म्हणून ग्रामसभेची तारीख भट्टीच्या हंगामाकडे पाहून ठरवावी लागते, ही बारीक गोष्ट ज्या संस्थेला कळते तीच या तालुक्यांत टिकते.

सामूहिक दाव्याच्या प्रक्रियेतला एक टप्पा येथे जवळून पाहण्यासारखा आहे, कारण प्रादेशिक सहकार्याचे सर्वांत लहान आणि सर्वांत खरे रूप त्यात दिसते. दावा करणाऱ्या गावाला आपल्या पारंपरिक जंगलाची हद्द दाखवावी लागते. त्यासाठी गावची वनहक्क समिती, दोन-चार जाणती म्हातारी माणसे आणि संस्थेचा एखादा कार्यकर्ता मिळून रानातून फेरी काढतात: या नाळेपासून त्या खडकापर्यंत, तिथून वाघोबाच्या थानाला वळसा घालून मोहाच्या जुन्या झाडापर्यंत, पुढे पाणवठ्याच्या उजव्या अंगाने. कार्यकर्त्याच्या हातातले जीपीएस यंत्र प्रत्येक वळणावर एक बिंदू टिपते आणि म्हातारा प्रत्येक वळणाला एक नाव देतो. सरकारी नकाशात जिथे केवळ कक्ष क्रमांक असतो, तिथे माळ, टेप, खोरा, डोह अशी डझनभर नावे निघतात. शेजारच्या गावाला फेरीचे बोलावणे जाते, कारण कायद्याच्या नियमांतच, बाराव्या नियमात, अशी तरतूद आहे की दोन ग्रामसभांच्या हद्दींचे दावे एकमेकांवर चढत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून विचार करावा. मग वाद होतात. सरपण दोन्ही गावांचे, पण मोहफुले कोणाची? गुरे आमच्याकडे चरतात, मग हद्द तुमच्याकडे कशी? हे वाद तालुक्याच्या कचेरीत गेले असते तर वीस वर्षे चालले असते; रानात, उभ्या उभ्या, शेजाऱ्यांच्या साक्षीने ते मिटण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. संस्थेचे काम एवढेच, की जे ठरले ते लिहून घ्यायचे, दोन्ही बाजूंच्या सह्या-अंगठे घ्यायचे आणि कागद उपविभागीय समितीपर्यंत पोहोचवून त्याचा पाठपुरावा करायचा. पर्यावरण चळवळीच्या इतिहासात मोर्चांची नोंद होते, या कागदांची होत नाही. वस्तुतः मोर्चाची ताकद या कागदांतच असते.

काळू धरणाच्या प्रकरणात हे सिद्ध झाले. महानगर प्रदेशाला पाणी देण्यासाठी मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधण्याचे काम 2011 मध्ये कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने सुरू केले. पैसा महानगर प्राधिकरणाचा, जमीन त्याच्या हद्दीबाहेरची. सुमारे 1,000 हेक्टर वनजमीन बुडिताखाली आणि प्रकल्पाखाली जाणार होती, आणि तिच्यासाठी 1980 च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी मिळण्याआधीच यंत्रे धडधडू लागली. येथे कायद्यातील एक विचित्र फट ध्यानात घेतली पाहिजे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत, म्हणजे मोठ्या प्रकल्पाचे परिणाम आधी तपासून जनसुनावणी घेण्याची सक्ती करणाऱ्या नियमांत, जलविद्युत आणि सिंचन प्रकल्पांचा समावेश आहे, निव्वळ पिण्याच्या आणि उद्योगाच्या पाण्यासाठी बांधलेल्या धरणांचा नाही. बुडणाऱ्या जंगलाला धरणाच्या पाण्याचे पुढे काय होणार याने काही फरक पडत नाही, कायद्याला पडतो. त्यामुळे तपासाची पहिली चाळणी येथे लागूच झाली नाही, आणि वनकायदा व वनहक्क कायदा एवढ्या दोनच चाळण्या उरल्या.

श्रमिक मुक्ती संघटनेने इंदवी तुळपुळे यांच्या पुढाकाराने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि मार्च 2012 मध्ये न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला. बाधित गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते, आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 3 ऑगस्ट 2009 च्या परिपत्रकाप्रमाणे वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक असल्याने हे ठराव केवळ निषेधाचे कागद राहिले नाहीत. धरणे, नद्या आणि लोक यांवर काम करणाऱ्या ‘सॅण्ड्रप’ या दक्षिण आशियाई अभ्यासगटाने मुरबाडच्या या प्रश्नाची सांगड महानगरासाठी ठाणे-रायगडच्या आदिवासी पट्ट्यात योजलेल्या इतर धरणांशी घालून दाखवली. स्थानिक संघटना गावांत, अभ्यासगट कागदपत्रांत आणि वकील न्यायालयात, अशी ही विभागणी होती; तिला कोणी प्रकल्प म्हटले नाही, तिचा फलक कुठे लागला नाही, तरी प्रादेशिक सहकार्याचे याहून चोख उदाहरण या दोन तालुक्यांत सापडणे कठीण. एप्रिल 2012 मध्ये केंद्राच्या वन सल्लागार समितीने प्रस्ताव नाकारला आणि पुढच्याच वर्षी आपले मत फिरवले, हे सांगितल्यावाचून ही कथा पूर्ण होत नाही. धरणाचा प्रस्ताव त्यानंतरही वेळोवेळी वर येत राहिला. थांबवणे आणि मिटवणे यांत अंतर असते, आणि संघटनांची शक्ती बहुधा थांबवण्यापुरती पुरते.

संस्थांचे एकत्र येणे कोठपर्यंत पोहोचू शकते, याचा एक धडा सह्याद्रीनेच दिलेला आहे. 1 नोव्हेंबर 1987 रोजी ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रेच्या दोन तुकड्या कन्याकुमारी आणि नवापूर येथून निघाल्या, आणि फेब्रुवारी 1988 मध्ये गोव्यात त्यांची भेट झाली. त्या ओळखींचा धागा दोन दशकांनी पुन्हा हाती घेतला गेला. फेब्रुवारी 2010 मध्ये निलगिरीतील कोटगिरी येथे भरलेल्या बैठकीनंतर केंद्र सरकारने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसंस्था तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने 2011 मध्ये अहवाल दिला. अहवालाचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय आहे. पण कोणत्या भागात काय करावे हे ग्रामसभांना विचारून ठरवा, हा त्यातला गाभ्याचा आग्रह मुरबाडच्या रानातल्या हद्दफेरीशी थेट जुळणारा आहे.

आता अशा सहकार्याच्या वाटेत कायदाच आडवा येतो. परदेशी निधीविषयीच्या 2010 च्या कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती होऊन एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला असा निधी देण्यावर पूर्ण बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून 20 टक्क्यांवर आणली गेली. निधीच्या गैरवापराला आळा घालणे हे कारण सांगितले गेले, आणि गैरवापर होतच नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण मोठी संस्था निधी मिळवते, हिशेब ठेवते आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला कामापुरता वाटा देते, ही सहकार्याची साधी रचना त्यामुळे मोडली. ज्या छोट्या संस्थेला गावाच्या वाटा, बोली आणि भट्टीचा हंगाम ठाऊक, तिचाच हात आधी रिकामा झाला.

उपजीविकेच्या बाजूने एक प्रयोग शहापूरमध्ये गाजला. केंद्राच्या वनधन योजनेत, म्हणजे वनोपज गोळा करणाऱ्या बचतगटांना एकत्र करून प्रक्रिया आणि विक्री शिकवणाऱ्या योजनेत, शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने कातकरी तरुणांच्या पुढाकाराने गुळवेलीचा व्यवसाय उभा केला, आणि 2021 च्या सुमारास नामांकित औषध कंपन्यांकडून सुमारे 350 टन गुळवेलीच्या 1.57 कोटी रुपयांच्या मागण्या आल्याचे सरकारने जाहीर केले. कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर पिढ्या घालवलेल्या समाजाने कंपनीशी थेट व्यवहार करावा, ही मोठीच गोष्ट. परंतु करोनाच्या काळात फुगलेली मागणी कायम राहत नसते, आणि गुळवेल मुळापासून ओढली तर पुढच्या वर्षी वेल नसते. बुंधा राखून वरची वेल कापण्याचा नियम पाळायचा तर रानावर गावाचा ताबा हवा. म्हणजे बाजाराची वाटही फिरून सामूहिक वनहक्कापाशीच येते.

जगात इतरत्र शहर आणि पाणलोट यांच्यात करार झालेले आहेत. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी कॅटस्किल आणि डेलावेअर या डोंगराळ भागांतून येते. तिथेही आरंभी गावे उठवून धरणे बांधली गेली आणि रोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. 1990 च्या दशकात अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प उभारायचा की पाणलोटच राखायचा, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा शहराने दुसरा मार्ग धरला, आणि जानेवारी 1997 च्या करारावर शहर, राज्य व केंद्र शासन, वरच्या अंगाची गावे आणि पर्यावरण संस्था या सगळ्यांनी सह्या केल्या. पैसा शहराचा, आणि तो खर्च करण्यासाठी स्थानिकांच्या हातातले ना-नफा महामंडळ. इक्वेडोरची राजधानी कीटो येथे 2000 मध्ये स्थापन झालेल्या जलनिधीत शहराची पाणी कंपनी आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा डोंगरातल्या पाणलोटासाठी भरते. निसर्ग जी सेवा फुकट देतो तिची राखण करणाऱ्याला मोबदला द्यायचा, या कल्पनेला ‘परिसंस्था सेवांचा मोबदला’ म्हणतात. नाव जड आहे, व्यवहार सोपा आहे. आपल्याकडेही त्याची चाहूल लागून गेली: बारवी धरणाची उंची वाढवताना पाणी घेणाऱ्या नागरी संस्थांनी प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील व्यक्तींना नोकऱ्या द्याव्यात, हे तत्त्व मान्य झाले. जो पाणी घेतो त्याच्यावर देणाऱ्याचे ऋण असते, ही गोष्ट सरकारी कागदावर येऊ शकते, एवढे त्यातून कळले. फक्त ते ऋण जमीन बुडालेल्यांपुरतेच मानले गेले. वरचे रान राखणाऱ्यांचा त्यात विचार नव्हता.

अशा कराराला आक्षेपही आहेत, आणि ते किरकोळ नाहीत. पाणलोट राखण्याचे पैसे द्यायचे म्हणजे पाण्याला बाजारात उभे करायचे, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. पैसा आला की तो ग्रामपंचायतीच्या की ग्रामसभेच्या खात्यात, हा वाद पहिल्याच दिवशी सुरू होईल; आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्या कातकऱ्याला शेतकऱ्यांच्या गावात किती वाटा मिळेल, याची खात्री कोण देणार? या आक्षेपांना उत्तर मोबदला नाकारण्यात नाही, तो कोणत्या हक्काच्या आधारे दिला जातो यात आहे. सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा भीक मागत नाही, ती आपल्या रानाची मालकीण म्हणून व्यवहाराला बसते, आणि तिच्यात जमीनदार व भूमिहीन दोघांना प्रत्येकी एकच मत असते. दान म्हणून आलेला बंधारा दात्याच्या मर्जीने येतो आणि त्याच्याच मर्जीने ओस पडतो; कराराने आलेल्या कामाचा जाब विचारता येतो.

यात संस्थांची जागा कोणती? त्यांनी गावाच्या वतीने सही करू नये. ग्रामसभेला हिशेब शिकवणे, विहिरींच्या पाण्याची पातळी वर्षानुवर्षे मोजून तिची वही ठेवणे, एकाच ओढ्यावरच्या दोन गावांना एका चटईवर बसवणे, आणि शहरातल्या नागरिकाला त्याचा नळ कोणत्या डोंगराला बांधलेला आहे हे सांगणे, ही कामे त्यांची. शेवटचे काम सर्वांत कमी झाले आहे. शहापूरमध्ये शेकडो फलक आहेत, पण भातसाच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्त्यांत या विषयाची सभा भरल्याचे क्वचितच ऐकू येते. वरच्या बाजूचे कागद बऱ्याच अंशी तयार आहेत: हद्दीचे नकाशे, ठराव, दाव्यांच्या फायली. खालच्या बाजूची सही बाकी आहे, आणि ती मागण्याचा अधिकार नळाचे बिल भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. पाणलोटातील ग्रामसभांसाठी एक स्वतंत्र लेखाशीर्ष, एवढीच ती मागणी. मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी मांडला जातो. शहापूरच्या डोंगरातल्या विहिरी त्याच सुमारास तळ गाठू लागतात.